चांगल्या शोमरोन्याची गोष्ट संपली आणि पाच मिनिटांत बिस्किटाचा पुडा फिरला

उंबराखाली
नमस्कार मंडळी. मी जालन्याची. आमच्या चर्चच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे संडे स्कूलमध्ये, नऊ वर्षांपासून लहान गट घेते. वय चार ते आठ. रविवारी आत मोठ्यांची उपासना चालू असते तेव्हा मागच्या खोलीत ही वीस-बावीस लेकरं माझ्यापाशी असतात.

मागच्या रविवारी बायबलातल्या लूकच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातला दाखला घेतला, चांगला शोमरोनी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यरुशलेमेहून यरीहोला चाललेल्या माणसाला लुटारू गाठतात, कपडे काढून घेतात, अर्धमेला करून टाकून जातात. याजक, म्हणजे मंदिरातला पुजारी, त्याला बघतो आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेने निघून जातो. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवेकरी, तोही तसाच जातो. मग येतो एक शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूस. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. तो मात्र थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, आणि निघताना मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवतो.

फ्लॅनेलच्या बोर्डावर चित्रं चिकटवत सांगितलं. लेकरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. "मग आपण काय करायचं?" म्हटलं तर सगळी एका सुरात, "मदत करायची!" सुवर्ण वचनही, म्हणजे त्या दिवशी पाठ करायचं बायबलचं वाक्य, पाठ झालं. मला बरं वाटलं.

त्या दिवशी एक नवी मुलगी आली होती. सहा-सात वर्षांची. आईबाप ऊसतोडीला गेलेत, ही आजीपाशी राहते. अंगात भावाचा शर्ट, केसांना तेल नाही. बिस्किटं वाटायला मी एका मोठ्या मुलीच्या हातात पुडा दिला. पुडा फिरत फिरत नवीपाशी आला आणि तिला ओलांडून पुढे गेला. शेजारच्या मुलाने बसल्या जागी थोडं सरकून तिच्याकडे पाठ केली. मी पाहिलं तोवर तिने पुढे केलेला हात मागे घेतला होता. मी माझं बिस्किट दिलं तर तिने मान हलवली, घेतलं नाही.

चार दिवस मला नीट झोप नाही. गोष्ट सांगण्यात माझं काय चुकतंय? प्रेम, दया हे लेकरांपर्यंत गोष्टीतून पोचतं तरी का? ज्यांनी लेकरांना बायबलच्या, संतांच्या, कुठल्याही गोष्टी सांगितल्यात त्यांनी मोकळेपणाने लिहा.

बेथेलकर
ताई, बिस्किटं कमी पडली होती का?

उंबराखाली
नाही ना दादा. शेवटी पुड्यात चार उरली.

भूमचा पेढा
वाचून घशात काहीतरी अडकलं. बाकी मग लिहिते.

गोदातीर
मी पैठणचा, निवृत्त प्राथमिक शिक्षक. तुमच्या दाखल्याची सख्खी बहीण शोभेल अशी गोष्ट आमच्या गावात घरोघरी सांगतात. दुपारची वेळ, गोदेचं वाळवंट तापलेलं. एका महाराचं लेकरू आईमागे रडत, वाळूत पडलेलं. लोक बघतात, शिवायचं नाही म्हणून जातात. नाथ त्याला कडेवर घेतात, नाक पुसतात आणि महारवाड्यात त्याच्या घरी नेऊन पोचवतात. दुसरी गोष्ट काशीहून आणलेल्या गंगेच्या कावडीची. रामेश्वराला वाहायचं पाणी नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं.

मी ही गोष्ट वीस वर्षं शाळेत सांगितली आणि लेकरं तुमच्यासारखंच एका सुरात उत्तर द्यायची. एका उन्हाळ्यात मी वर्ग नदीवर नेला. सकाळचे दहा वाजलेले. सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि दहा पावलं चालवलं. दहाच. लगेच सावलीला आणून पाय पाण्यात सोडायला लावले आणि मग गोष्ट सांगितली. "शेवटी काय शिकलो" हे विचारलंच नाही. एक मुलगा गप्प बसला होता. घरी जाताना म्हणाला, "सर, त्या लेकराच्या पायात तर कधीच चप्पल नसल."

ताई, तुमचा यरीहोचा रस्ता कसा आहे ते लेकरांना माहीत आहे का?

उंबराखाली
सर, उतार आहे हे वाचलंय. दाखल्याच्या सुरुवातीलाच "खाली जात होता" असं येतं, पण मी कधी थांबून सांगितलं नाही.

बेथेलकर
यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच आणि यरीहो समुद्रसपाटीच्या अडीचशे मीटर खाली. पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये हजार मीटरचा उतार, ओसाड डोंगर, कपारी. लुटारूंना लपायला जागाच जागा. लेकरांना आपला अजिंठ्याचा घाट माहीत असतो. त्याच्यापेक्षा उजाड, झाड नाही, पाणी नाही, असं सांगा.

खरं बोलू का
रागावू नका, पण मनात आहे ते लिहितो. चार-आठ वर्षांच्या लेकरांना दया शिकवायला धर्मग्रंथ कशाला पाहिजे? कुत्र्याच्या पिल्लाला पाणी पाजा म्हणजे झालं. आणि ही नवी मुलगी तुमच्या धर्मातली आहे का? नसेल तर तिला बायबल ऐकवणं मला बरोबर वाटत नाही. गरीब घरातल्या मुलाला खाऊ देऊन गोष्ट ऐकवली की लोक शंका घेणारच.

उंबराखाली
दादा, स्पष्ट विचारलंत ते बरं केलंत. मुलगी आमच्यातली नाही. तिची आजी आमच्या गल्लीत धुणीभांडी करते. रविवारी लेकरू एकटं राहतं म्हणून तिनेच विचारलं, "बसू देता का?" आम्ही काय सांगतो, काय गातो हे मी तिला आधी सांगितलं. दुसऱ्या घरची चार-पाच लेकरं येतात, त्यांच्या आईबापांनाही सांगितलेलं आहे. प्रार्थनेला हात जोड असं मी कुणाला म्हणत नाही. खाऊ सगळ्यांना असतो, गोष्ट ऐको न ऐको. म्हणूनच तर त्या दिवशीचं लागलं.

खरं बोलू का
आजीला आधी सांगितलंत हे महत्त्वाचं. तरी माझं मत कायम आहे, मुलं मोठी झाल्यावर त्यांनी वाचावं. पण तुमचा हेतू स्वच्छ दिसतो. धाग्यावर राहतो.

हिमरू
आमच्या संभाजीनगरात एकाच वाड्यात आम्ही आणि एक ख्रिस्ती कुटुंब पंधरा वर्षं राहिलो. त्यांची आजी योसेफ सांगायची, आमचे अब्बा युसूफ सांगायचे, आणि आम्ही लेकरं भांडायचो की गोष्ट कुणाची. कुरआनातली बारावी सूरा पूर्ण त्याचीच आहे. भाऊ जळतात, विहिरीत टाकतात, तो मिसरला विकला जातो. पुढे दुष्काळ पडतो आणि तेच भाऊ धान्यासाठी त्याच्या दारात येतात. तो म्हणतो, आज तुमच्यावर काही दोष नाही.

मला त्या आजींच्या सांगण्यातला एक तुकडा फार आवडायचा. योसेफ लगेच माफ करत नाही. भावांना ओळखतो, पण ओळख देत नाही, आणि आतल्या खोलीत जाऊन रडतो. मग तोंड धुऊन बाहेर येतो. आजी तिथे थांबायची. पदराने स्वतःचं तोंड पुसायची आणि म्हणायची, "वाढा रे जेवण." आम्ही हसायचो. आज कळतं, माफ करायला त्याला किती जड गेलं ते आजींनी एका पदरात दाखवलं. माझ्या मुलांना मी युसूफ तसाच सांगते, पदर पुसून.

लेकरांना फक्त चांगली माणसं दाखवू नका ताई. चांगलं वागायला जड जाणारी माणसं दाखवा.

भूमचा पेढा
हिमरूताई, किती सुंदर.

आता माझ्या घरचं. आम्ही ख्रिस्ती नाही, पण मुलगी मिशनच्या शाळेत आहे. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट ऐकून आली. एक लेकरू आपली शिदोरी देतं आणि पाच हजार माणसं जेवतात, वर बारा टोपल्या उरतात. मुलीचा चेहरा गंभीर. मला वाटलं चमत्काराबद्दल विचारेल. म्हणाली, "मम्मी, पाच हजार माणसांला दोन मासळ्या कशा पुरतील? कोरड्यास काय केलतं?"

सासूबाईंनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, "ठेचा आसंल गं. भाकर म्हणल्यावर ठेचा आलाच."

जगात जर्मनी
कोरड्यास वाचून डोळ्यांत पाणी आलं. पुण्यात कुणाला हा शब्द कळत नाही.

बेथेलकर
पेढेताई, तुमच्या लेकीला सांगा की त्या भाकरी जवाच्या होत्या. गव्हाच्या नाहीत, जव म्हणजे गरिबाचं धान्य. आणि ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलातल्या चारही पुस्तकांत आहे, पण शिदोरी देणारा मुलगा एकट्या योहानाने सांगितलाय. बाकी तिघांत भाकरी आहेत, पोरगं नाही. मी संडे स्कूल घेताना त्या पोराच्या बाजूने सांगायचो. आईने बांधून दिलेली भाकर आहे, भूक लागलीय, सगळे मोठे लोक चर्चा करताहेत, एवढ्यात कुणीतरी म्हणतं, "ह्याच्याजवळ आहे." त्या क्षणाला पोराच्या पोटात काय झालं असेल? पुढे बारा टोपल्या उरणार आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं.

कणीस
मी हा धागा दोन दिवस वाचतेय आणि लिहू की नको करतेय.

मी त्या नव्या मुलीच्या जागेवरची आहे. केज तालुक्यातली. माझे आईवडील कोयत्यावर जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची. उचल आधीच घेतलेली, म्हणजे जाणं भागच. कधी मी त्यांच्यासोबत कारखान्यावरच्या खोपीत राहिले, कधी आजीपाशी गावात. उन्हाळ्यापर्यंत माय दिसायची नाही. शाळेत खाऊ वाटताना पुडा मलाही ओलांडून गेलाय. ताई, तिने तुमचं बिस्किट घेतलं नाही त्याचं कारण सांगते. सगळ्यांचं घेताना ते वाटप असतं. एकटीला हातात ठेवलं की ती भीक वाटते. सहा वर्षांच्या लेकरालाही हा फरक कळतो.

आता गोष्टीबद्दल. पुढे मी नर्सिंगला गेले आणि होस्टेलवर एका मैत्रिणीने मला रूथची गोष्ट वाचून दाखवली. रूथ मोआबातली, परमुलखातली. नवरा मेला तरी सासूला, नामीला, सोडत नाही. दोघी बेथलेहेमात येतात तेव्हा जवाची कापणी चालू असते. रूथ बवाज नावाच्या माणसाच्या शेतात कापणीवाल्यांच्या मागे सरवा, म्हणजे कापताना मागे पडलेली कणसं, वेचते. मराठी बायबलात "सरवा" हाच शब्द आहे! मी मैत्रिणीच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. माझी आजी ज्वारीच्या रानात सरवा वेचायची. वाकून वाकून, कणीस कणीस. काही शेतकरी हाकलायचे. एक म्हातारा होता, तो मुद्दाम कडेची चार ताटं उभी ठेवायचा आणि म्हणायचा, "राहिलं वाटतं. घे माय वेचून." बवाजही हेच करतो. गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून थोडं मुद्दाम पडू द्या, आणि तिला धमकावू नका.

मैत्रिणीने दाखवलं की आधीच्या लेवीय पुस्तकात हा नियमच आहे, शेताचा कोपरा कापू नका, पडलेलं गोळा करू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं. मला या गोष्टीत सगळ्यात काय आवडलं असेल तर रूथ स्वतः वेचते. कुणी तिच्या हातावर ठेवत नाही. संध्याकाळी झोडून घरी नेते तेव्हा ते तिचं असतं. आणि अशी ही सरवा वेचणारी परकी बाई पुढे दावीद राजाची पणजी होते.

त्या मुलीला मदत घेणारी म्हणून गोष्टीत बसवू नका ताई. तिला रूथ सांगा. सगळ्यांसमोर सांगा.

हिमरू
कणीसताई, सलाम तुम्हाला.

उंबराखाली
कणीसताई, बिस्किटाचं तुम्ही लिहिलंत ते मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. रडले आणि मग वहीत लिहून ठेवलं.

मांजराकाठ
शब्दावरून एक सांगायचंय. लेकरांना "प्रेम" म्हटलं की आजकाल चौथीतली पोरंही खुसखुसतात. जुन्या बायबलातलं "प्रीती" पुस्तकी वाटतं. "दया" म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली. शोमरोन्याच्या गोष्टीत मराठीत शब्द आलाय कळवळा. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून बनलेलं आहे. म्हणजे त्याला बघून शोमरोन्याचं आतडं पिळवटलं. आपल्याकडे म्हणतातच की, आतडं तुटलं, पोटात कालवलं. तुकोबांचाही हा लाडका शब्द. पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, ते खेड्यातल्या साध्या बाईला कळावं म्हणून. १९२२ साली निधनाआधी त्यांनी ते काम पुरं केलं. तुम्ही तर समोर बसलेल्या लेकरांसाठी सांगताय. बिनधास्त "त्याच्या पोटात कालवलं" म्हणा.

आणि एक माझं. मी किल्लारीजवळच्या गावचा. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास घर खाली आलं. मी आठ वर्षांचा. दगड-मातीच्या भिंती, आम्हाला बाहेर काढलं ते शेजारवस्तीतल्या माणसांनी. ज्यांच्या हातचं पाणी माझी आजी घेत नव्हती तीच माणसं. दुपारी त्यांच्याच हातून आजीने पाणी पिलं. काही बोलली नाही. पुढची सतरा वर्षं जगली, त्या घरात लग्न असो की मयत, सगळ्यात आधी जायची.

म्हणून मला वाटतं, हा दाखला आपण उलट्या बाजूने सांगतो. लेकरांना म्हणतो, तुम्ही शोमरोनी व्हा. खरं तर ऐकणाराला रस्त्यावर पडलेल्याच्या जागी झोपवलंय. तिथे पडून वर बघायचं आणि कोण येतंय ते बघायचं. ज्याच्याकडे पाठ करून बसतो तोच यायलाय.

गोदातीर
मांजराकाठ, हे वाचून मी उठून अंगणात जाऊन आलो.

अंगणवाडीताई
सगळ्यांचं वाचलं. मी सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवते, त्यामुळे माझं बोलणं जरा जमिनीवरचं.

एक, चार वर्षांचं लेकरू आणि आठ वर्षांचं लेकरू एका गोष्टीला बसवू नका. चारच्याला मेंढराची गोष्ट द्या. शंभरातलं एक हरवलं, धनगर नव्याण्णव सोडून शोधायला गेला, सापडल्यावर खांद्यावर घेतलं. आमच्याकडे धनगराची लेकरं होती, त्यांनी लगेच दुरुस्ती केली, "बाई, मेंढरू खांद्यावर आसं नाही घेत, मानंवर आडवं घेतेत." मग तेच शिकवायला लागले. वर्गातलं एक लेकरू कपाटामागं लपायचं, बाकीच्यांनी नाव घेऊन शोधायचं. लपायला सगळ्यांनाच पाहिजे असतं, कारण आपल्याला शोधत यावं हे सगळ्यांनाच वाटतं.

दोन, लुटारूंनी किती मारलं, रक्त किती आलं हे कमी सांगा. नोहाच्या पुराचंही तसंच. पाऊस ऐकून आमच्याकडे एक पोरगं आठ दिवस ढग आले की रडायचं.

तीन, गोदातीर सरांशी माझं पटत नाही. "काय शिकलो ते विचारूच नका" हे मोठ्या मुलांना ठीक. लहानग्याला स्पष्ट सांगावं लागतं. "शेजारी बसलेल्याला आधी द्यायचं." एक वाक्य, रोज.

गोदातीर
ताई, वाक्य सांगा की. पण ते खाऊच्या वेळी सांगा, गोष्टीच्या शेपटीला बांधू नका. गोष्टीला शेपूट लावलं की लेकरू शेपूट धरतं आणि गोष्ट सोडतं.

बेथेलकर
मी दोघांच्या मध्ये पडतो. माझे आजोबा प्रचारक होते, जालन्याजवळच्या बेथेलचे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं गाव. आजोबा हा दाखला सांगताना सुरुवात चुकवायचे नाहीत. येशूला एक शास्त्री विचारतो, "माझा शेजारी कोण?" येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो. आणि शेवटी तात्पर्य न सांगता उलट प्रश्न टाकतो, या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याच्या तोंडून "शोमरोनी" हा शब्द निघत नाही. "ज्याने दया केली तो," असं म्हणतो. आजोबा इथे आवाज एकदम खाली आणायचे, "नाव घ्यायला जीभ उचलंना बघा त्याची." मग सगळे गप्प. त्यानंतर येशू एवढंच म्हणतो, जा, तूही तसं कर. म्हणजे प्रश्न पण आहे आणि अंगणवाडीताईंचं एक वाक्य पण आहे.

जगात जर्मनी
मूळ परभणीकर, हल्ली मानसशास्त्र शिकवते. या दाखल्यावरच एक गाजलेला प्रयोग आहे आणि मला वाटतं उंबराखाली ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

डार्ली आणि बॅटसन या दोघांनी तो १९७३ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेत प्रिन्स्टनला पाळक होण्यासाठी शिकणारे ४० विद्यार्थी घेतले. काहींना सांगितलं, शेजारच्या इमारतीत जाऊन चांगल्या शोमरोन्यावर छोटं भाषण करा. काहींना दुसरा विषय दिला. वाटेत गल्लीत एक माणूस दाराशी वाकून खोकत, कण्हत बसवलेला. ज्यांना "तुम्हाला उशीर झालाय, पळा" असं सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के थांबले. ज्यांच्या हातात वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. डोक्यात शोमरोनी आहे की दुसरा विषय, याने म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पाडला तो घाईने.

ताई, तुमच्या खाऊच्या वेळी घाई असते का?

दुसरं, टोरंटोच्या संशोधकांनी ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली. एका गटाला माणसांची, एका गटाला कपडे घातलेल्या प्राण्यांची. नंतर मुलांनी आपल्या स्टिकरपैकी किती दुसऱ्याला दिले ते मोजलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी जास्त दिले. म्हणजे रूथ, नाथ, भाकरीवालं पोरगं, ही माणसं कामाची आहेत.

उंबराखाली
ताई, तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. गोष्ट पंचवीस मिनिटं सांगते. मग आत शेवटचं गायन सुरू झालं की माझी धांदल. आईबाप दारात येणार, त्याआधी खाऊ वाटून, हात पुसून, चपला घालून लेकरं उभी पाहिजेत. त्या दिवशी मी स्वतः "लवकर, लवकर" म्हणत होते. पुडा त्या पोरीच्या हातात कोंबला तेव्हाही तेच म्हटलं.

खरं बोलू का
मग खाऊ आधी आणि गोष्ट नंतर.

अंगणवाडीताई
आधी-नंतर काही का असेना, पुडा बंद करा. पंगत बसवा. आमच्याकडे रोज दोन वाढपी असतात, पाळीने. वाढपी सगळ्यांत शेवटी जेवतो. ज्याला कुणी जवळ घेत नाही त्याला पहिल्याच आठवड्यात वाढपी करायचं. ताट घेऊन समोर आलेल्याकडे कुणी पाठ करत नाही.

बेथेलकर
येशूनेही शेवटच्या जेवणाच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले होते. वाढप्याला तो रुमाल द्या ताई.

भूमचा पेढा
मध्येच विचारते, उंबराखाली हे नाव काहून घेतलं?

उंबराखाली
जक्कयामुळे. यरीहोचा जकातदार, बुटका, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढतो आणि येशू खाली उभा राहून म्हणतो, उतर, आज मी तुझ्या घरी येणार. त्याच्याकडे कुणी जेवत नसणार. त्यानंतर तो अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत द्यायला तयार होतो. लहानपणी मला वाटायचं आपण खाली उभं राहून वर बघावं, अजून कोण कोण चढून बसलंय.

गोदातीर
आमच्याकडे औदुंबराखाली दत्त. झाडाचं नाव तेच.

उंबराखाली
तीन रविवारांनी लिहितेय. पाळकसाहेबांशी बोलून उपासना संपल्यावर वीस मिनिटं जास्त मागून घेतली. दोन आईबाप कुरकुरले, जेवणाला उशीर होतो म्हणून. बाकीचे बाहेर बसून गप्पा मारतात आता.

पहिल्या रविवारी रूथ सांगितली. बोर्ड काढलाच नाही. ज्वारीची कणसं नेली होती, ती जमिनीवर पसरली आणि सगळ्यांना वाकून वेचायला लावलं. पाठी दुखायला लागल्यावर बसून गोष्ट. "सरवा" म्हटल्यावर नवी मुलगी पहिल्यांदा बोलली, "माझी आजी वेचती." मी म्हटलं, कसं वेचती, दाखव. तिने ओचा कसा खोवायचा ते दाखवलं. तीन-चार पोरींनी फ्रॉकचा ओचा केला. मी तात्पर्य विचारलं नाही. खाऊच्या वेळी अंगणवाडीताईंचं वाक्य मात्र म्हटलं.

दुसऱ्या रविवारी पंगत. दोन वाढपी, एक नवी मुलगी आणि दुसरी तीच, जिच्या हातात त्या दिवशी पुडा होता. खांद्यावर रुमाल. त्या दोघींत काही बोलणं झालं नाही. शेवटी दोघी शेजारी बसून जेवल्या, तेही मध्ये एक हात जागा सोडून. मी ती जागा तशीच राहू दिली. हिमरूताईंचा योसेफ डोक्यात होता.

काल शोमरोनी परत घेतला, यावेळी मांजराकाठ म्हणाले तसा. सगळी लेकरं सतरंजीवर पाठ टेकून, डोळे मिटून. मी फक्त पावलांचे आवाज काढले. एक आला, गेला. दुसरा आला, गेला. तिसरी पावलं वाजली आणि थांबली. मी विचारलं, कोण असेल? कुणी म्हणालं पप्पा, कुणी पोलीस, कुणी येशू. एकाने नव्या मुलीचं नाव घेतलं. ते नाव कोणी घेतलं हे मी नाही पाहिलं, डोळे माझेही मिटलेले होते.

एका साडेपाच वर्षांच्याने मात्र मला अडवलं. "मावशी, लुटारूंचं काय झालं? त्यांना पण कुणी मारलं होतं का?" दाखल्यात याचं उत्तर नाही. मी म्हटलं, मला माहीत नाही, पुढच्या रविवारी आपण मिळून विचार करू. काही सुचवा.

हिमरू
त्याच्यासाठी युसूफचे भाऊ आहेत ना ताई. तेही लुटारूच होते.

उंबराखाली
अरे हो. ठरलं मग.

आणि हो कणीसताई, काल नवी मुलगी येताना ओच्यात हरभऱ्याचे ढाळे घेऊन आली होती. आजीला कुणीतरी रानात घेऊ दिले म्हणे. सगळ्यांपुढे स्वतःच्या हाताने ठेवत गेली, माझ्यापुढेही.

कणीस
भाजून खाल्ले का हिरवेच?

उंबराखाली
हिरवेच. खोलीभर टरफलं झाली. पाळकसाहेब आले, बघितलं, खाली बसून दोन घाटे सोलले आणि मग झाडू घेतला.